बेळगावजवळच्या एका निवासी कबड्डी शिबिराचा अनुभव: खेळ उत्तम, तक्रारीची वाट मात्र अर्धीच

माझी मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे आणि कॉलेजच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर खेळते. गेल्या मे महिन्यात आम्ही तिला बेळगावपासून जवळच असलेल्या एका निवासी शिबिरात पंधरा दिवसांसाठी पाठवले होते. शिबिराचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या उणिवांबद्दल लिहिणार आहे त्या चालकांना लेखी कळवल्या आहेत आणि त्या दुरुस्त करायला त्यांना अवधी मिळायला हवा. पण आपल्या मुलांना अशा ठिकाणी ठेवण्यापूर्वी पालकांनी काय विचारावे, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

खेळाच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. मॅट चांगली आहे, पहाटेचा सराव वेळेवर सुरू होतो, आणि घोट्याची पकड घेताना मुलीचा तोल जात असे, तो दोष प्रशिक्षकांनी आठवडाभरात काढून टाकला. जेवणात भाकरी, उसळ, अंडी आणि सकाळी नाचणीची आंबील असते. खानापूर, चंदगड, हुक्केरी, गोकाक अशा सगळीकडच्या मुली एकत्र राहतात आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषा एकमेकींकडून सहज उचलतात.

चौथ्या दिवशी सरावात मुलीच्या मांडीचा स्नायू आखडला. तरुण प्रशिक्षकाने तिला हात लावण्याआधी वसतिगृहाच्या बाईंना हाक मारली, खोलीचे दार सताड उघडे ठेवले आणि पट्टी बाईंकडूनच बांधून घेतली. मुलीने ही गोष्ट घरी सहज बोलता बोलता सांगितली, तेव्हा मला फार बरे वाटले. कारण असे वागणे त्या मुलाच्या अंगवळणी पडलेले होते, म्हणजे कोणीतरी ते त्याला नीट शिकवलेले होते.

शेवटच्या दिवशी मात्र कार्यालयात बसलो असताना मन अस्वस्थ झाले. भिंतीवर संस्थापक सरांचा मोठा फोटो, त्याखाली पदकांचे कपाट आणि शेजारी तक्रार समितीचा फलक होता. समितीत तीन नावे होती. अध्यक्ष स्वतः सर आणि उरलेल्या दोघांपैकी एक त्यांच्याच घरातील. मी व्यवस्थापकांना विचारले, "तक्रार सरांविरुद्धच असेल, किंवा सरांच्या जवळच्या माणसाविरुद्ध असेल, तर पोरीने कुणाकडे जायचं?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तसं कधी झालंच नाही की ओ. सरांना अख्खा जिल्हा ओळखतो."

सरांना जिल्हा ओळखतो हे खरे आहे आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलीही शंका नाही. परंतु त्या उत्तराने मला अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाची आठवण झाली. तेथील फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो १९६६ पासून त्या पदावर होते आणि त्यांच्या नावावर ४०९ विजय होते. त्यांचे माजी सहायक जेरी सँडस्की यांनी शॉवरच्या खोलीत एका मुलाशी केलेले गैरवर्तन २००१ मध्ये एका कनिष्ठ सहकाऱ्याने पाहिले आणि पॅटर्नोंना सांगितले. पॅटर्नोंनी ते वरिष्ठांच्या कानावर घातले आणि तेथेच थांबले. सँडस्कींना अटक झाली ती नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. पुढच्या वर्षी ४८ पैकी ४५ आरोपांत ते दोषी ठरले. पॅटर्नोंना विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते त्या मुलांसाठी नव्हे, तर प्रशिक्षकांसाठी, आणि त्यांनी वृत्तवाहिनीची गाडी उलथवली. आपण आणखी काही करायला हवे होते, असे पॅटर्नो स्वतः म्हणाले. पण तोवर कितीतरी मुलांचे बालपण करपून गेले होते.

हे मी लांबून लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका कॉलेजच्या संघाचा कर्णधार होतो. आमच्या फिजिकल डायरेक्टर सरांसाठी आम्ही जीव टाकत असू. त्यांनीच आमच्यातल्या अनेकांची फी भरली, विद्यापीठाच्या संघात खेळणाऱ्यांना मिळणारे युनिव्हर्सिटी ब्लूचे ब्लेझर आम्हाला त्यांच्यामुळेच मिळाले. त्यांचा एक मदतनीस वसतिगृहातील लहान मुलांना त्रास देतो, हे आम्हाला कळले होते आणि सरांनाही कळले होते. सरांनी प्राचार्यांना सांगितले आणि पुन्हा मैदानावर आले. एक मुलगा ट्रंक घेऊन गावी गेला तो परतला नाही, आणि मदतनीस मात्र वर्षभर आमच्यासोबत स्पर्धांना येत राहिला. मी कर्णधार असूनही एक शब्द बोललो नाही, कारण सरांना वाईट वाटेल याची मला भीती होती. त्यांनी आमच्यासाठी जे केले ते खोटे नव्हते आणि त्या मुलासाठी जे केले नाही तेही खोटे नाही. सरांच्या सत्काराला मी पाया पडलो, तेव्हाही तो मुलगा डोळ्यासमोर होता.

आज वरिष्ठांना सांगून मोकळे होण्याची सोय कायद्यानेही ठेवलेली नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. शिबिराच्या फलकावर १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक होता, हे चांगले; पण सगळा मजकूर कन्नड आणि इंग्रजीत होता. खानापूर तालुक्यातील खेड्यातून आलेली, मराठी शाळेत शिकलेली घाबरलेली मुलगी तो वाचेल कसा, हे मी चालकांना पत्रात विचारले.

महिन्याभरात उत्तर आले. फलक मराठीतही लागला आहे आणि घरातील व्यक्तीच्या जागी बाहेरच्या एका निवृत्त शिक्षिकेला समितीवर घेतले आहे. पत्राची एवढी दखल घेतली याचे मला खरोखर समाधान वाटते. खेळासाठी मी या शिबिराला पाचपैकी साडेचार गुण देईन, सुरक्षिततेसाठी सध्या तीन. अध्यक्षपदी अजून सरच आहेत, आणि त्यांच्याविरुद्धची तक्रार कोण ऐकणार, या प्रश्नाला पत्रात उत्तर नाही. दिवाळीच्या सुट्टीतील शिबिराचा अर्ज मुलीने भरून ठेवला आहे; मी पैसे अजून भरलेले नाहीत.