घरात रेंज नाही: सिम बदलावं, फायबर घ्यावं की छपरावर अँटेना लावावा?

पैसे खर्च करण्याआधी एक आकडा काढा. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' उघडलं की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये (सिग्नल मोजायचं एकक) दिसते, आणि आकडा उणे असतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करावं लागतं. उणे ९० च्या आसपास असेल तर रेंज चांगली. उणे १०५ ला कॉल जेमतेम टिकतो, आणि उणे ११५ च्या खाली गेला की लागला तरी तुटतो. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते. म्हणजे अंगणात उणे ९८ आणि आतल्या खोलीत उणे ११६ असेल, तर आत पोचेपर्यंत सिग्नल साठपट क्षीण झालेला असतो. अंगण, खिडकी, माडी, गच्ची अशा चार-पाच जागी मिनिटभर थांबून आकडे लिहून ठेवा. पुढचा निर्णय याच कागदावरून होणार आहे.

बाहेर चांगला आणि आत वाईट असेल, तर अडथळा घराचाच. गोव्यात तो बहुतेकदा चिऱ्याच्या जाड भिंतींचा असतो, आणि पावसात त्या ओल धरतात तेव्हा आणखी. त्याहून मोठा दोषी म्हणजे गळती थांबवायला गच्चीवर घातलेले पत्रे. टेकडीवरच्या टॉवरकडून तिरका उतरणारा सिग्नल पत्र्यावर आपटून परत जातो. बाहेरही आकडा वाईट असेल तर मध्ये डोंगर आहे किंवा टॉवर लांब आहे; सत्तरी, सांगे, काणकोणच्या खोऱ्यांत हे नेहमीचं. तिसरा प्रकार फसवा: काड्या पूर्ण, पण नेट हलत नाही. वर्षाअखेरीला कळंगुट-बाग्यात होतं ते हेच. तिथे टॉवरवर गर्दी असते, रेंजची कमतरता नसते, त्यामुळे अँटेना लावून काही साधत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि तो आधी करून पाहावा. शेजाऱ्यांचा फोन मागून घेऊन त्याच जागी आकडा बघा, किंवा दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर प्रीपेड सिम चालवा. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून बऱ्यापैकी आत येतात, २३०० च्या कमी, आणि ३३०० च्या वरचा फाइव्ह-जी पहिल्याच भिंतीपाशी दमतो. म्हणून फोन सारखा फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत असेल, तर घरापुरतं नेटवर्क 'फोर-जी'वर ठेवा. कॉल टिकतो आणि बॅटरीही. खात्री पटल्यावरच पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला: PORT हा शब्द, पुढे आपला नंबर, आणि एसएमएस १९०० ला. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये (मोबाइल सेवेच्या विभागात) येतो, तेव्हा इथल्या इथे ३ कामाचे दिवस लागतात. मुंबईचा नंबर असेल तर सर्कल वेगळं, थोडा जास्त वेळ. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात.

वाड्यावर फायबर पोचलं असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: फायबर घ्या आणि वाय-फाय कॉलिंग सुरू करा, म्हणजे नेहमीचा कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जाईल. महिन्याला साधारण ४०० ते ६०० रुपये आणि वर जीएसटी, पण घरातल्या सगळ्यांचा प्रश्न एकदम सुटतो. सिमच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा आणि पर्याय असेल तिथे 'वाय-फायला प्राधान्य' निवडा. नाहीतर फोन एका काडीच्या मोबाइल सिग्नलला धरून बसतो आणि लोक म्हणतात, हे चालतच नाही. तपासायची पद्धत सोपी: विमान मोड लावा, वाय-फाय तेवढं चालू ठेवा आणि कॉल करा. त्याच अवस्थेत बँकेचा ओटीपी येतो का तेही बघा.

यातली दुखणी दोन. चिऱ्याची भिंत वाय-फायलाही अडवते, म्हणून मोठ्या घरात एकच राउटर पुरत नाही. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय एका भिंतीपलीकडे जाताना मोडतं, २.४ चं थोडं लांब जातं. लॅन केबल ओढून मागच्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट (तिथून वाय-फाय पसरवणारा डबा) बसवा. दुसरं, वीज गेली की राउटर बंद आणि फोनही मुका. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस साधारण हजार ते दोन हजारांत मिळतो. १०,००० एमएएचचा असेल तर राउटर आणि फायबरचा डबा मिळून तीनेक तास चालतात. बोलत बोलत फाटकाबाहेर गेलात तर मात्र कॉल तुटण्याची शक्यता आहे.

फायबर नाही, पण छपरावर आकडा बरा आहे? मग सिमवाला फोर-जी राउटर आणि बाहेर लावायचा, एकाच दिशेला रोखलेला अँटेना. घेताना नीट विचारा: राउटरच्या सुटणाऱ्या दांड्या फोर-जीच्या आहेत की नुसत्या वाय-फायच्या? खूप मॉडेलांत त्या वाय-फायच्याच असतात आणि बाहेरचा अँटेना जोडायला जागाच नसते. अँटेने दोन लागतात, एक ४५ अंश डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे. माडांच्या झावळ्यांआडून टॉवरकडे रोखू नका, ओल्या पानांत सिग्नल मुरतो. अँटेन्यापासून राउटरपर्यंतची पातळ आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे अर्ध्या डीबीहून जास्त खाते. १० मीटर ओढली तर अँटेन्याने कमावलेलं बरंचसं वाटेतच संपतं. त्यापेक्षा राउटर पोटमाळ्यावर अँटेन्याजवळ ठेवा आणि खाली लॅन केबल आणा, ती १०० मीटरपर्यंत चालते. पोटमाळा उन्हाळ्यात तापतो, तेव्हा हवा खेळेल अशी जागा निवडा.

पहिल्याच पावसात बिघडतं ते कनेक्टर. वरून आलेली केबल थेट सॉकेटात शिरली की पाणी तिच्यावरून घरंगळत आत जातं, आणि महिन्याभरात पितळ हिरवं पडतं. जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि त्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडेल. किनाऱ्याजवळ क्लॅम्प स्टेनलेसचेच, खांबाला अर्थिंग, आणि विजा चमकू लागण्याआधीच केबल काढून ठेवणं. गावात फाइव्ह-जी असेल तर कंपनीच्या एअरफायबरची (तारेविना फाइव्ह-जीवरून घरात येणाऱ्या नेटची) चौकशी आधी करा. छपरावरचं यंत्र तेच लोक बसवून देतात.

ऑनलाइन मिळणारा 'सिग्नल बूस्टर' घेऊ नका. परवानाधारक कंपनीखेरीज कुणीही तो बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर असल्याचं दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. कारणही खरं आहे: छपरावरच्या आणि घरातल्या अँटेन्यात पुरेसं अंतर नसेल तर यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवतं, तो टॉवरवर आदळतो, आणि शेजारच्या वाड्यातले कॉल तुटायला लागतात.

घराबाहेर, चोर्ला किंवा अनमोड घाटात, यातलं काहीच कामाला येत नाही. नकाशा आधी डाउनलोड करून निघा. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवून बघा, तो क्षीण सिग्नलवरही कधी निसटून जातो. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावा: आसपास कुठल्याही कंपनीचा सिग्नल असेल तर फोन तो धरतो.