फॅटी लिव्हर आणि स्नायू पॅकेज: यकृताला फर्स्ट क्लास, स्नायूंना काठावर पास

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका तपासणी केंद्रात यकृत आणि स्नायू दोन्ही तपासणारं हे एकत्र पॅकेज मिळतं. जोडी बरोबर आहे. रक्तातली बरीच साखर स्नायू उचलतात. ते रोडावले की तिचा भार यकृतावर येतो.

फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा घट्टपणा आणि चरबी मोजणारी तपासणी, चोख. तीन तास काही खाल्लेलं नाही ना, हे विचारूनच आत घेतात. मिसळ हाणून गेलात तर यकृताचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि आकडा उगाच चढतो. उजवा हात डोक्याखाली, प्रोब बरगड्यांच्या मधे, दहा व्हॅलिड रीडिंग. सुटलेल्या पोटासाठी एक्सएल प्रोबही आहे. रिपोर्टवर आयक्यूआर, म्हणजे रीडिंगमधली तफावत, मध्यकाच्या 30 टक्क्यांच्या आत हवा. किलोपास्कल (घट्टपणाचा आकडा) 8 च्या खाली असतील तर यकृत फार घट्ट झालेलं असण्याची शक्यता कमी. सीएपी म्हणजे चरबी. लोक तोच आकडा बघून घाबरतात, खरी काळजी किलोपास्कलची.

रक्ताच्या रिपोर्टमधे सगळं असून फिब-4, म्हणजे यकृत घट्ट झाल्याचा अंदाज देणारा आकडा, मात्र काढून देत नाहीत. वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ); एएसटी, एएलटी ही यकृताची एन्झाइम्स. वय 58, एएसटी 40, एएलटी 49, प्लेटलेट दोन लाख: 2320 भागिले 1400, म्हणजे 1.66. 1.3 च्या खाली निवांत, पासष्टीपुढे 2 पर्यंत चालतं. 1.66 ला स्कॅन हवाच.

स्नायूंकडे आलं की घाई सुरू. रक्त दिल्यावर पोहे-चहा देतात आणि मग बीआयए मशीनवर उभं करतात. हे मशीन अंगातल्या पाण्यातून सौम्य करंट सोडून स्नायूंचा अंदाज बांधतं. पोटातलं पाणी, पायावरची सूज यांनी आकडा बिघडतो. सूज तर चक्क स्नायू म्हणून मोजली जाते. पेसमेकरवाल्यांनी त्यावर चढूच नये.

हाताच्या पकडीची ताकद एकदाच मोजतात, तीही फक्त उजव्या हाताची. दोन्ही हातांनी किमान दोनदा दाबून सर्वात मोठा आकडा धरायचा असतो. 2019 च्या आशियाई निकषांत पुरुषांना 28 किलो, बायकांना 18. त्याखाली स्नायू कमजोर.

फुकटातली खुर्ची चाचणी तर गाळलीच आहे. हात छातीवर बांधून पाच वेळा उठ-बस, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर गडबड. घरीच करा, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून. सोबत पोटरीचा घेर टेपने घ्या: पुरुषांचा 34 सेंमीच्या खाली, बायकांचा 33 च्या खाली असेल तर डॉक्टरांना सांगा.

डाएटचा कागद सर्वात वाईट. तांबडा-पांढरा बंद, रात्री नुसतं सॅलड. वजन 7 ते 10 टक्के उतरलं की यकृत सुधारतं हे खरं, पण प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम नसेल तर चरबीबरोबर स्नायूही जातात. तालमींच्या गावात कागदावर बैठकांचा उल्लेखही नसावा! साठ किलोच्या ज्येष्ठाला दिवसाला साधारण 60 ते 72 ग्रॅम प्रथिनं लागतात. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारून.

घेणारच असाल तर काउंटरवरच बजावा: आधी लघवीला जाऊन मशीन, मग पोहे.