बाहेर उणे 31, घरात बंद फर्नेस आणि माझ्याच हस्ताक्षरातला तो कागद

2019च्या जानेवारीतली गोष्ट. इतके दिवस लिहिली नाही, कारण लाज. ऑफिसात सांगितली नाही, भारतात भावाला सांगितली नाही, मंडळाच्या संक्रांतीला कोणी फर्नेसचा (घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा) विषय काढला की मी चहा आणायला उठायचो. पण गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका नव्या जोडप्याला तसाच "तासाभरात येतो" म्हणणारा फर्नेस-मेकॅनिक भेटला. त्यांचे पैसे गेले नाहीत, थोडक्यात वाचले. म्हणून आता लिहितो.

एकूण गेले 4,468 डॉलर. 328 क्रेडिट कार्डावर, 4,000 झेलने (Zelle, म्हणजे बँक खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय) आणि 140 रोख. आकडा आधीच सांगितला, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी दया यायला नको.

शिकागोच्या बाजूला राहणाऱ्यांना तो बुधवार आठवत असेल. 30 जानेवारी. ओहेर विमानतळावर पारा उणे 23 फॅरनहाइटवर गेला होता, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ उणे 31. शाळा बंद. लोकल गाड्यांच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून तिथे गॅसच्या ज्वाळा लावल्या होत्या. ऊन-पाऊस-बर्फ काही न बघणाऱ्या पोस्टानंही आमच्याकडे टपाल वाटणं थांबवलं होतं. आणि आमच्या घरात सहा आठवड्यांचं बाळ, बाळंतपणासाठी आलेली माझी आई, अजून नीट सावरायची असलेली बायको, आणि मी.

पहाटे पाचला जाग आली ती नाक गार पडल्यामुळे. थर्मोस्टॅट 61 फॅरनहाइट दाखवत होता, लावला होता 70 वर. खाली बेसमेंटमध्ये गेलो. फर्नेस सुरू व्हायचा प्रयत्न करायची, छोटा पंखा फिरायचा, मग काही नाही. पुन्हा तेच. बोर्डवरचा लाल दिवा तीनदा लुकलुकून थांबत होता. फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला असतो, तोही मी वाचला. आमच्या मॉडेलला तीन लुकलुक म्हणजे प्रेशर स्विच: हवेचा किंवा धुराचा पाइप तुंबला आहे का ते पाहा. हे मी वाचलं होतं. माणूस यायच्या चार तास आधी वाचलं होतं. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बाहेर जाऊन पाइप का पाहिला नाही? पाहायला हवा होता. पण तो घराच्या मागच्या भिंतीतून निघतो, त्यापुढे दोन दिवसांपूर्वी पडलेल्या बर्फाचा ढीग वाऱ्यानं रचला होता, अंधार होता, आणि बातम्यांत दर पाच मिनिटांनी सांगत होते की उघडी कातडी काही मिनिटांत गोठेल. मी दार उघडलं, एक श्वास घेतला आणि बंद केलं. ज्यांना हे बहाणे वाटतात त्यांनी त्या तापमानात एकदा दार उघडून पाहावं.

सहापासून फोन. ज्या कंपनीनं दरवर्षी सर्व्हिसिंग केलं होतं तिथे टेपवरचा आवाज. दुसरीकडे "शुक्रवार". तिसरीकडे "शनिवार सकाळ, नक्की नाही". मग शोधात सगळ्यात वर आलेली जाहिरात: चोवीस तास सेवा, फेरी फक्त 79 डॉलर. फोन उचलणाऱ्या बाईनं कंपनीचं नाव न सांगता नुसतं "हीटिंग सर्व्हिस" म्हटलं आणि तासाभरात माणूस पाठवते म्हणाली.

अख्ख्या शहरात कोणी मोकळं नाही आणि हा एक तासाभरात येतो! त्या दिवशी खऱ्या मेकॅनिकला श्वास घ्यायला वेळ नव्हता. जो मोकळा होता तो का मोकळा होता, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, देव पावला. अडला हरी म्हणतात ना, तो हरी मी.

साडेनऊला पांढरी व्हॅन आली. दारावर लोहचुंबकानं चिकटवलेली पाटी. माणूस बोलायला इतका गोड की आईनं त्याला चहा विचारला. आल्या आल्या म्हणाला, 79 ही साध्या दिवसाची फेरी, आज हवामानाची आणीबाणी म्हणून वर 249. एकूण 328. कार्ड दिलं. इथेच त्याला दार दाखवायला हवं होतं, पण थर्मोस्टॅट तोवर 54 वर आला होता.

खाली वीस मिनिटं होता. वर आला तो चेहरा पाडून. मोबाइलवर फोटो दाखवला: गंजलेला पत्रा, त्यात लांब चीर. "हीट एक्स्चेंजर फुटलाय. कार्बन मोनॉक्साइड घरात येतोय. लहान बाळ आहे ना? कायद्यानं मी ही फर्नेस चालू ठेवू शकत नाही." लाल पट्टी बांधली, इग्नायटर, म्हणजे जाळ पेटवणारा भाग, काढून "सुरक्षिततेसाठी" खिशात टाकला, गॅसचा कॉक बंद केला.

आता नीट ऐका. हीट एक्स्चेंजर म्हणजे एका बाजूला जाळ आणि दुसऱ्या बाजूला घरातली हवा, यांना वेगळं ठेवणारा पत्रा. त्याला खरंच चीर गेली तर धोका असतो, ते खोटं नाही. म्हणूनच हा डाव चालतो. पण माझी फर्नेस पहाटेपासून पेटतच नव्हती! जी चूल पेटत नाही ती विषारी वायू कुठून सोडणार? मी इंजिनिअर आहे. पगार घेतो तो कार्यकारणभाव लावण्याचा. आणि जिन्याजवळच्या सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टरच्या छोट्या पडद्यावर ठळक शून्य दिसत होतं. इलिनॉयमध्ये झोपायच्या प्रत्येक खोलीपासून 15 फुटांच्या आत असा डिटेक्टर असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तो त्याचं काम करत होता. मी माझं करत नव्हतो.

आई त्या डिटेक्टरखाली बाळाला घेऊन उभी होती. इंग्रजी तिला फारसं कळत नाही, पण "गॅस" कळलं. ती म्हणाली, "अरे, हा डबा तर काहीच बोलत नाहीये. मागे पोळी करपली तेव्हा दुसरा केवढा किंचाळला होता."

मी म्हणालो, "आई, तू मध्ये बोलू नकोस गं."

गेलेले पैसे मी विसरेन. हे वाक्य नाही विसरत.

मी त्याला विचारलं, तीन लुकलुक म्हणजे प्रेशर स्विच ना? तो हसला. म्हणाला, हे बोर्ड थंडीत काहीही दाखवतात. मान्य केलं. फोटोतला पत्रा किमान वीस वर्षं जुना वाटत होता, माझी फर्नेस नऊ वर्षांची. तेही गिळलं. बायको वरून म्हणाली, "अरे, बाळाचे हात गार पडलेत, जे काय असेल ते कर एकदाचं." तिचा दोष नाही. निर्णय माझा होता.

नवी फर्नेस 7,980. गोदामात त्या आकाराची एकच उरली आहे, निम्मे दिले तर राखून ठेवतो, उद्या सकाळी आठला बसवतो. निम्मे म्हणजे 3,990. "सरळ चार करा," म्हणाला. वरचे दहा डॉलरही मी त्याच्या पदरात टाकले. कार्ड नको, गोदामवाला झेलच घेतो. माझ्या बँकेची दिवसाची मर्यादा 2,000. तो शांतपणे म्हणाला, मिसेसचंही खातं असेल ना? दोन्ही खात्यांतून दोन-दोन हजार गेले. ज्याला माझ्या बँकेची मर्यादा माझ्याआधी ठाऊक, तो माणूस भट्ट्या दुरुस्त करून पोट भरत असेल का?

आणि मग तो कागद. "विम्यासाठी लागतं, तुमच्या हातानं लिहा," म्हणून त्यानं मजकूर सांगितला, मी लिहिला: घरात हीटिंग नाही, लहान बाळ आहे, तातडीची गरज आहे, तीन दिवसांत रद्द करण्याचा हक्क मी सोडत आहे. तारीख, सही. नंतर कळलं, घरी येऊन केलेली विक्री तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करण्याचा हक्क फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानं ग्राहकाला मिळतो. त्यातून सुटायची एक वाट म्हणजे ग्राहकानंच बोलावलेलं असणं, खरीखुरी आणीबाणी असणं आणि हक्क सोडल्याचं त्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देणं. कायदा त्याला पाठ होता. कोणी तुमच्याच हातानं काही लिहून मागितलं तर पेन खाली ठेवा. तिथेच.

जाता जाता दोन छोटे इलेक्ट्रिक हीटर 140 रोख घेऊन ठेवून गेला. दोन्ही एका खोलीत लावले तर ब्रेकर उडाला. उडणारच. प्रत्येकी 1,500 वॅट आणि आपल्या खोलीतलं सर्किट 15 अँपिअरचं, म्हणजे 120 व्होल्टला जेमतेम 1,800 वॅट. एक्स्टेन्शन कॉर्डवर तर हे हीटर कधीच लावू नका, वायर वितळते. सगळे एका खोलीत बसलो, दाराखाली टॉवेल कोंबले, नळ बारीक धारेवर सोडले, सिंकखालची कपाटं उघडी ठेवली म्हणजे पाइपला खोलीतली ऊब लागेल. ओव्हन उघडा ठेवून ऊब घ्यायचा विचार आला होता. गॅसचा असेल तर तो विचार करू नका, तिथे कार्बन मोनॉक्साइड खरा असतो.

गुरुवारी आठ वाजले, नऊ वाजले, अकरा. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. माझी गाडी सुरू होत नव्हती. दुपारी एक मित्र येऊन आम्हाला त्याच्या घरी घेऊन गेला. हे बुधवारीच करता आलं असतं, त्यानं सकाळी फोनही केला होता, आणि मी "नाही रे, माणूस आलाय" असं ऐटीत सांगितलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओळखीचा म्हातारा मेकॅनिक आला. आधी खाली गेलाच नाही. घराला वळसा घालून मागे गेला, हवा आत घेणाऱ्या पाइपच्या तोंडावर बर्फाचा गोळा जमला होता, तो काढला. बाहेर पडणाऱ्या धुरातली वाफ त्या थंडीत बाजूच्या पाइपवर गोठते, म्हणाला, या आठवड्यात हे सातवं घर. नवा इग्नायटर बसवला. हीट एक्स्चेंजर आतून कॅमेऱ्यानं मलाच दाखवला: अखंड. 236 डॉलर घेतले. ती फर्नेस अजून चालू आहे.

आता मदतीची कथा. बँक: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरी झालेली नाही, सबब परत मिळणार नाहीत. दोन खाती, दोन फोन, दोनदा तेच वाक्य. पोलीस: हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, त्यानं खोटा फोटो दाखवला. अधिकारी म्हणाला, तुम्ही करार केलात ना? लायसन्सची तक्रार करू म्हटलं, तर कळलं की इलिनॉयमध्ये प्लंबरला राज्याचं लायसन्स लागतं, छप्पर घालणाऱ्याला लागतं, फर्नेसवाल्याला लागत नाही! घरात आग पेटवणाऱ्या यंत्रात हात घालायला राज्याची परवानगी नको, कौलं बसवायला हवी. गावाच्या कार्यालयानं राज्याकडे बोट दाखवलं, राज्याच्या तक्रार खात्यानं फॉर्म दिला. फॉर्म भरला, पंधरा कागद जोडले. सात आठवड्यांनी पत्र आलं: पावतीवरच्या पत्त्यावर कंपनी आढळली नाही, आम्ही तुमचे खासगी वकील म्हणून काम करू शकत नाही, आपल्या संयमाबद्दल आभार. मी त्या पत्त्यावर जाऊन आलो होतो. तिथे मोकळा प्लॉट आहे. हे मी फॉर्ममध्ये लिहिलंही होतं! दहा हजारांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स कोर्टात लावता येतो, पण समन्स बजावायला माणूस लागतो, पत्ता लागतो. जाहिरात दाखवणाऱ्यांना लिहिलं तर त्यांचं यांत्रिक उत्तर आलं आणि खाली विचारलं होतं, या उत्तराला किती तारे द्याल?

शेवटचा अपमान कार्डाचा. 328 डॉलरवर हरकत घेतली. जी कंपनी पोलिसांना सापडत नाही, सरकारला सापडत नाही, तिचं उत्तर कार्डवाल्यांकडे दहा दिवसांत हजर. काम केलं, ग्राहक समाधानी. पुरावा म्हणून माझ्या हातच्या त्या कागदाचा फोटो. हरकत फेटाळली. त्या उत्तरावरचं नाव वेगळं होतं, राज्य वेगळं होतं. तेही तक्रार खात्याला कळवलं. ते म्हणाले, मग त्या राज्यात तक्रार करा.

कार्डवाल्यांचं ते उत्तर, कागदाच्या फोटोसकट, मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं. आई मे महिन्यात परत जायची होती, तिनं उचलून पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर मात्र किती नीट काढलंयस रे."

घाईत वाचणाऱ्यांसाठी, क्रम न लावता. कोणी "सीओ आहे" म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका, खरेदीही करू नका. बाळाला घेऊन बाहेर गाडीत किंवा शेजारी जा आणि 911 ला फोन करा, अग्निशमनवाले मीटर लावून मोजतात. फोटो नको, तुमच्या फर्नेसमध्ये कॅमेरा घालून तुमच्यासमोर दाखव म्हणा. सुटा भाग कोणाच्या खिशात जाऊ देऊ नका. मेकॅनिकचा नंबर ऑक्टोबरात शोधा. मागच्या भिंतीचे दोन पाइप कुठे निघतात ते आजच पाहून या, शेजारी एक काठी रोवा म्हणजे बर्फात सापडतील. मी झाडूचा दांडा रोवलाय. दर बर्फानंतर मफलर गुंडाळून जातो, पाइपची तोंडं झाडतो, आणि आत येऊन आधी जिन्याजवळच्या डब्याकडे पाहतो.