पुण्यात राहायचं कुठे: कॉट बेसिस की चौघांत फ्लॅट?

भाचा लातूरहून पुण्याला येतोय, स्पर्धा परीक्षेसाठी. सदाशिव पेठेत कॉट, म्हणजे इतरांसोबतच्या खोलीत भाड्यानं एक खाट, घ्यावी की कर्वेनगरला मित्रांसोबत फ्लॅट, यात अडकलाय.

आधी पैशाचं बोलू. कॉटला डिपॉझिट थोडकं; दिलं, गादी टाकली, झालं. फ्लॅटला डिपॉझिट जड, वर एजंटची दलाली आणि ११ महिन्यांचा करार. तो नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका.

जेवणासाठी पेठेत मेस हाकेच्या अंतरावर. फ्लॅटवर गॅस, भांडी आणि ‘आज पोळ्या कोण आणणार’.

अभ्यासाचं म्हणाल, तर मी दोन वर्षं कॉटवर काढली. शेजारच्याचा अलार्म पाचला वाजायचा, उठायचो मी, तो घोरतच. ओल्या टॉवेलांची दोरी थेट माझ्या उशीवरून. पण अभ्यासिका चालत पाच मिनिटांवर, हे सुख मोठं. कर्वेनगरहून बसने जाण्यायेण्यातच वेळ जातो.

एकटा, परीक्षेपुरता आलेल्यानं कॉटच घ्यावी. चार वर्षांची डिग्री आणि ओळखीचे तिघं असतील तर फ्लॅट. फक्त मधेच एखादा सोडून गेला तर त्याचं भाडं कोण भरणार, हे आधी ठरवून घ्या.