सातबारा घरीच ठेवून काढलेलं शैक्षणिक कर्ज

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी आहे. दुसऱ्यांची व्याजं मांडण्यात पंचवीस वर्षं गेली, तरी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा पहिल्या बँकेनं मला पार कच्चा ठरवलं. त्या बँकेचं नाव लिहीत नाही, माझा पगार अजून तिथंच पडतो.

प्रवेश पुण्यात, कर्ज हवं होतं ६ लाख. साहेबांनी फाइल न उघडताच विचारलं, "शेत आहे का? सातबारा आणा." आणला. वीस गुंठे, तेही दोघा भावांत. मग भावाची संमती आणा. मग एक विमा पॉलिसी काढा. सेतूतून काढलेला उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट, कॉलेजचं फी स्ट्रक्चर, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. पंधरा दिवस असेच गेले. भावाकडं सहीला जायचं म्हणजे काय, हे घरोघरी ठाऊक आहे.

अडतीवरच्या एका पोरानं मोबाइलवर पीएम विद्यालक्ष्मीचं पोर्टल उघडून दिलं. केंद्रानं ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. कॉलेज योजनेच्या यादीत असलं की शैक्षणिक कर्जाला तारण नाही, जामीनदार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारच बँकेला ७५ टक्के हमी देतं. मुलीचं कॉलेज यादीत निघालं. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश असेल तर मात्र हे चालत नाही, तेवढं आधी बघा.

अर्ज घराजवळच्या दुसऱ्या सरकारी बँकेत टाकला. तिथल्या मॅडमनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "काका, सातबारा घरी ठेवा." एवढ्या एका वाक्याला मी चार तारे देतो. मी सहकर्जदार झालो. मुलगी म्हणून व्याजात अर्धा टक्का सूट मिळून दर साडेनऊवर आला. फी थेट कॉलेजच्या खात्यात गेली.

पाचवा तारा कापला त्याचं कारण सांगतो. मॅडम म्हणाल्या, "कोर्स संपून वर्ष झाल्यावर हप्ता." बायकोला वाटलं, तोवर व्याजही नाही. मलाही क्षणभर तसंच वाटलं, लाज वाटते सांगायला. घरी येऊन वहीत मांडलं. दरवर्षी दीड लाख उचलले, तर पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. सरळव्याजानंच १,९९,५०० होतात. हप्ता सुरू होताना हे सगळं मुद्दलात जाऊन बसतं. आमचं घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या वर, पण आठच्या आत, म्हणून या काळात ३ टक्के व्याज सरकार सोसणार, म्हणजे ६३,००० सुटले. साडेचारच्या आत असतो तर इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला सगळंच व्याज माफ होतं. पण आमची ही अंगणवाडीत जाते आणि मुलगा गॅरेजला. कमावतो म्हणून अडकलो.

उरलेले १,३६,५०० साचू द्यायचे नाहीत असं ठरवलंय. पहिल्या वर्षाचं व्याज महिन्याला बाराशेच्या आतच येतं. पगार झाला की त्याच दिवशी बाराशे कर्जखात्यात टाकतो, पहिल्या बँकेतून काढून.