पार्नेलचा सोमवार, लोखंड्यांचा रविवार
न्यूझीलंडचा कामगार दिन म्हणजे ऑक्टोबरातला चौथा सोमवार. त्यामागे सॅम्युअल पार्नेल हा सुतार. १८४०मध्ये गोदाम बांधायचं काम आलं, तर गडी म्हणाला, "दिवसाला आठच तास." वसाहत नवी, सुतार मोजके, मालक नाइलाजानं कबूल झाला. १८९०च्या पहिल्या मिरवणुकीत म्हातारा पार्नेल मानानं गाडीत बसला होता.

त्याच १८९०मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. इथे मात्र गिरणीच्या दाराशी बदलीवाल्यांची, म्हणजे दुसऱ्याच्या जागी कामाला उभं राहायला तयार असलेल्यांची रांग, त्यामुळे अडून बसायची सोयच नव्हती. सभा घ्या, अर्ज लिहा, सह्या-अंगठे गोळा करा. माझ्या मते लोखंड्यांचं काम जास्त अवघड. पार्नेलच्या वाट्याला वर्षातून एक सोमवार आला, लोखंड्यांच्या वाट्याला दर रविवार, तोही बिननावाचा.