अटलांटा ते माँटगोमेरी: मुलांच्या कॉलेज-सहलीबद्दल थोडं बरं, थोडं तक्रारीचं

पोरं अकरावीत गेली की इथे अमेरिकेतल्या मराठी घरांत कॉलेजं बघत हिंडायचा हंगाम सुरू होतो. आमच्या थोरलीची तीन-चार कॉलेजं बघून झाली होती आणि मला सगळीकडचं हिरवळीवरचं भाषण पाठ झालं होतं. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीच्या आईचा फोन आला. त्यांच्या चर्चची मुलं स्प्रिंग ब्रेकमध्ये चार दिवस बसने जातात. कृष्णवर्णीयांसाठी निघालेली जुनी कॉलेजं आणि नागरी हक्कांच्या लढ्याच्या जागा, दोन्ही एकाच फेरीत. मुलांवर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस कमी पडतंय, येतेस का? राहणं-खाणं धरून माणशी सातशे डॉलरच्या आत. मी हो म्हटलं ते, खरं सांगते, टस्कीगीच्या, म्हणजे शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर ज्या कॉलेजात शिकवायचे त्याच्या, नावाला भुलून. शाळेत असताना कार्व्हरचं चरित्र वाचून रडले नाही अशी माझ्या पिढीतली मराठी मुलगी मला अजून भेटायची आहे.

अटलांटाचा दिवस वाया गेला म्हणणार नाही, पण घाईत गेला. स्पेलमन मुलींचं, मोरहाऊस मुलांचं, दोन्ही शेजारी शेजारी. दोन्ही मिळून तीन तास, त्यातला एक तास बस उभी करायला जागा शोधण्यात. मार्टिन ल्यूथर किंग 1944 साली मोरहाऊसमध्ये दाखल झाले तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते, हे ऐकून मागच्या सीटवरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे माझ्याएवढेच," आणि पुन्हा चिप्सकडे वळला. मला पुढे अनेक मराठी आयांनी विचारलं म्हणून सांगून टाकते: या कॉलेजांत आपल्या मुलांनाही अर्ज करता येतो. दारं सगळ्या वंशांच्या मुलांना उघडी आहेत.

टस्कीगीला मात्र पैसे वसूल. तिथे कॉलेज बघणं आणि इतिहास बघणं असे दोन कार्यक्रम उरतच नाहीत. आम्हाला फिरवणारी मुलगी दुसऱ्या वर्षाची, उलटं चालत बोलणारी. एका जुन्या इमारतीपाशी थांबली, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, या विटा विद्यार्थ्यांनी पाडल्या. 1881 साली हे कॉलेज उभारणारे बुकर टी. वॉशिंग्टन इथे आले तेव्हा धड इमारत नव्हती. वीटभट्टी लावली, ती बिघडली. दुसरी बिघडली, तिसरीही. चौथीला पैसेच उरले नाहीत तेव्हा ते माँटगोमेरीला गेले आणि स्वतःचं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकून आले. ते घड्याळ कधी सुटलं नाही, भट्टी मात्र लागली. लेकीने मग हळूच भिंतीला हात लावून पाहिला. मी बघतेय हे कळल्यावर हात खिशात.

कार्व्हरचं संग्रहालय आवारातच आहे. 1896 साली ते इथे आले आणि 1943 मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. समाधीही इथेच, वॉशिंग्टन यांच्या शेजारी. पीनट बटर त्यांनी शोधलेलं नाही, हे मात्र मला या वयात कळलं. 1916 मध्ये शेंगदाण्याचे 105 पदार्थ सांगणारी पुस्तिका त्यांनी काढली, शेतकऱ्यांना परवडेल अशी. आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतो, कारण सहलीच्या डब्यातलं "शाकाहारी" जेवण म्हणजे हॅम काढून घेतलेलं सँडविच होतं. संध्याकाळच्या हॉटेलात कॉलर्ड ग्रीन्स नावाची पालेभाजी आली. दिसायला थेट आपल्या अंबाडीसारखी, पण शिजवताना मांस घातलेलं. शाकाहारी असाल तर आधी विचारा.

लेकीला प्राण्यांचं डॉक्टर व्हायचंय. टस्कीगीत 1945 पासून पशुवैद्यकीय कॉलेज आहे हे तिला तिथेच कळलं, आणि त्या उलटं चालणाऱ्या मुलीला तिने अर्धा तास सोडलं नाही. चार दिवसांत तिने स्वतःहून प्रश्न विचारले ते इथेच.

माँटगोमेरीचं स्मारक. मी लिहायला बसले ते खरं याच्यासाठी. झुंडींनी ठार मारलेल्या चार हजार चारशेहून जास्त कृष्णवर्णीय माणसांसाठी आठशेच्या वर पोलादी खांब, प्रत्येकावर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं नाव, खाली माणसांची नावं. सुरुवातीला खांब तुमच्या उंचीला असतात. चालत जाता तशी जमीन खाली उतरत जाते आणि खांब डोक्यावर टांगलेले राहतात. मुलं आपापल्या आजी-आजोबांच्या काउंट्या शोधत होती. आमची लेक आमची काउंटी शोधत होती. मी म्हटलं, अगं, आपली कशी असेल इथे?

होती. फोर्सिथ काउंटी, जॉर्जिया. एकच नाव, 1912.

त्या साली तिथून साधारण अकराशे कृष्णवर्णीय माणसांना घरंदारं सोडून पळवून लावलं. 1987 मध्ये तिथल्या वर्णद्वेषाविरुद्ध सुमारे वीस हजारांचा मोर्चा निघाला. शाळा चांगल्या म्हणून आम्ही तिथे घर घेतलं, गणपती बसवतो, ढोलताशा वाजवतो. घर दाखवणाऱ्या एजंटने शाळांचे गुण सांगितले होते, क्लबहाऊस दाखवलं होतं. लेकीने विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?" नव्हतं. बसमध्ये मैत्रिणीच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या लोकांत पूर्वी त्या रस्त्याने जाताना पेट्रोल आधीच भरून घ्यायचे, तिथे थांबावं लागू नये म्हणून. ती मला सात वर्षं ओळखते.

तक्रार सहल नेणाऱ्या कंपनीबद्दल आहे. अलाबामाचं घड्याळ जॉर्जियाच्या एक तास मागे असतं, हे वेळापत्रक करणाऱ्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. परतीचे "सात" हे तिकडचे सात निघाले, आणि नवरा चर्चच्या पार्किंगमध्ये तासभर गाडीत बसून राहिला. सेल्माच्या पुलाला, जिथे 1965 मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाला पोलिसांनी झोडपलं त्याला, वीस मिनिटं आणि वाटेतल्या आउटलेट मॉलला दीड तास, हा हिशोब कोणी केला तेही विचारायचंय. स्मारकाचं तिकीट पाच डॉलर आहे आणि त्यात तिथलं संग्रहालयही येतं. म्हणजे स्वतःची गाडी काढून गेलात तरी चालेल, फक्त बसमधली मुलं नसतील.

पुढच्या वर्षी धाकट्याला पाठवणार आहे. दशम्या जास्त देईन.